मला फरार ठरवलं तेव्हा

मला परत पाठवलं तेव्हा माझी बायको आणि मुलगी आखातातल्या त्याच विमानतळावर होत्या, बाहेरच्या दारापाशी कठड्याला टेकून. मी आत होतो, पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरसमोर. आमच्यामध्ये फार तर एक मोठा दिवाणखाना आणि दोन भिंती असतील.

काउंटरमागच्या तरुण अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट उघडला, काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं कंपनीचं नाव विचारलं. मी सांगितलं. सुट्टीवर गेला होतात का, म्हणाला. मी म्हटलं, हो, वडील वारले म्हणून गेलो होतो, रजा मंजूर करून गेलो होतो. त्यानं पासपोर्ट परत न देता दुसऱ्याला हाक मारली आणि त्या दुसऱ्यानं मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथं आधीच काही माणसं बसली होती. बहुतेक आपल्याकडचीच वाटत होती. 

बऱ्याच वेळानं थोडं हिंदी येणारा एक पोलीस आला. तो म्हणाला, "आपका इकामा बंद है. कंपनी ने लिखके दिया, आप भाग गए."

मी म्हटलं, "भाग गया होता तो वापस क्यों आता?"

त्यानं खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. त्याला रोज माझ्यासारखे दिसत असणार. मी त्याला सांगितलं की माझं कुटुंब बाहेर उभं आहे, मला पाच मिनिटं त्यांना भेटू द्या, निदान एक फोन करू द्या. तो म्हणाला, ते माझ्या हातात नाही. ज्या विमानानं आलो होतो त्याच कंपनीच्या परतीच्या विमानात मला बसवलं. पासपोर्ट विमानातल्या कर्मचाऱ्याकडे दिला होता, मुंबईला उतरल्यावर माझ्या हातात आला. एखाद्या पार्सलसारखा मी गेलो आणि आलो.

बाहेर माझ्या बायकोनं त्या विमानातला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली. मग पुढच्या विमानाची माणसंही बाहेर येताना पाहिली. मुलगी शेवटी म्हणाली, "आई, बाबा या विमानात नव्हतेच बहुतेक." खरं काय झालं ते त्यांना मी मुंबईच्या बूथवरून फोन केला तेव्हा कळलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ती सांगायला बसलो की अजून माझा आवाज चढतो, आणि तो मी मुद्दाम उतरवत नाही.

मी बडोद्याचा. आमचं मूळ घराणं संस्थानच्या पलटणीत चाकरी करणाऱ्यांचं. पलटण गेली, संस्थान गेलं, मग घरातली माणसं जे मिळेल ते करायला लागली. वडील, म्हणजे आमचे आप्पा, एका सरकारी कचेरीत कारकून होते. मी यंत्रांचा डिप्लोमा केला आणि बाजव्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम शिकलो. पुढे वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे म्हणत होते की आता देश उघडला, आता कारखाने वाढणार. आमचा कारखाना मात्र विकला गेला. नव्या मालकानं यंत्रं ठेवली आणि माणसं काढली. अलकापुरीतल्या एका एजंटामार्फत मी आखातात गेलो. देशाचं आणि कंपनीचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, ती कंपनीच तशी, दुसरीत जायला हवं होतं. ते खोटं आहे. दोष त्या सगळ्या व्यवस्थेतच होता.

इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. तो तुमच्या नावाचा असतो, पण तुमच्या मालकीचा नसतो. ज्या मालकानं तुम्हाला बोलावलं त्याच्या शिक्क्यावर तो जिवंत राहतो. मालकाला तिकडे कफील म्हणतात. काही वर्षांनी मला बायको-मुलीला नेता आलं, तेव्हा त्या दोघींचे परवाने माझ्या परवान्याला टांगलेले. मी कंपनीला टांगलेला आणि त्या मला टांगलेल्या. आम्ही त्या वेळी या गोष्टीचा विचार केला नाही. घर मिळालं होतं, मुलीला भारतीय अभ्यासक्रमाची चांगली शाळा मिळाली होती. बायको त्याच शाळेत लहान मुलांना शिकवायला लागली. शुक्रवारी समुद्रावर जायचो. त्या दिवसांबद्दल मला तक्रार नाही.

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मुलगी दहावीत होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून ती आणि तिची आई तिथंच राहिल्या. मी आमच्या मॅनेजरकडे गेलो. तोही भारतीयच होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, वडिलांचं नीट करून ये, घाई करू नकोस. रजेच्या कागदावर त्यानं माझ्यासमोर सही केली. परत येण्याचा शिक्का पासपोर्टवर मारून आणून दिला. निघताना त्यानंच गाडी दिली विमानतळापर्यंत. मी बडोद्यात आप्पांचं दिवसकार्य करत होतो तेव्हा त्याच्याच खात्यातून माझ्या नावावर फरार असा शेरा गेला.

का, ते मला नंतर कळलं. ज्या मोठ्या तेल कंपनीचं काम आमच्याकडे होतं तिनं काम निम्मं केलं होतं. माणसं कमी करायची होती. रीतसर काढलं तर नोटीस द्यावी लागते, हिशेब चुकता करावा लागतो, सगळ्या कुटुंबाची तिकिटं काढून द्यावी लागतात. पळून गेलेल्या माणसाला काहीच द्यावं लागत नाही. म्हणून जे जे सुट्टीवर गेले होते ते सगळे कागदावर पळून गेले. आम्ही पाच-सहाजण तरी होतो.

मुंबईहून मी रेल्वेनं बडोद्याला परत आलो. घरी आई होती, मोठा भाऊ आणि वहिनी होती. आप्पांच्या फोटोला घातलेला हार अजून सुकला नव्हता. मला बॅगेसह दारात बघून आई पाणी आणायला आत गेली. दादानं विचारलं.

"काहीतरी झालं असेल ना पण?"

"काय झालं असेल?"

"म्हणजे, उगाच कुणी असं करतं का? एवढी मोठी कंपनी. तू कुणाशी भांडलास वगैरे?"

मी त्याला सगळं सांगितलं. रजेचा कागद दाखवला. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "हे ठीक आहे, पण त्यांच्याकडे काहीतरी असल्याशिवाय..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

त्या अर्धवट वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा विमानतळावरच्या पोलिसाचाही आला नव्हता. सख्ख्या भावाला परक्या कंपनीचा शेरा माझ्यापेक्षा खरा वाटत होता, कारण तो छापलेल्या कागदावर होता.  आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बापाला खांदा द्यायला आला म्हणून नोकरी गेली त्याची. एवढंच झालंय. आता त्याला जेवू दे."

त्यानंतर दादानं तो विषय काढला नाही. पण गल्लीनं काढला. समोरचे गुजराती शेजारी चांगले लोक होते, आम्ही लहानपणापासून त्यांच्याकडे जात-येत होतो. परत का आलो ते त्यांनीही विचारलं, "केम भाई, पाछा आवी गया?" आणि मी उत्तर देण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. याचं तिकडे काहीतरी बिनसलं. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी ओळखीचं भेटायचं आणि सावकाश, काळजी दाखवत, तेच विचारायचं. नोकरी जाणं मला नवीन नव्हतं. वाघोडियाची नोकरी गेली तेव्हा कुणी माझ्या चारित्र्याची चौकशी केली नव्हती. परदेशातून परत पाठवलेला माणूस म्हणजे मात्र गुन्हेगारच असणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

मी एजंटाकडे गेलो. त्याचं ऑफिस आता मोठं झालं होतं, काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर विमानाचं चित्र. त्यानं मला ओळखलं, चहा मागवला, ऐकून घेतलं. मग विमानात बसवण्यापुरतंच आपलं काम, असं म्हणाला, "जुओ भाई, अमारुं काम तमने विमानमां बेसाडवानुं. पछी कंपनी जाणे ने तमे जाणो."

"माझी बायको आणि मुलगी तिथं अडकल्यात," मी म्हटलं.

"तो तिकीट काढून बोलावून घ्या ने."

त्याला माहीत होतं की तसं होत नाही. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या देशातून बाहेर पडायलाही परवाना लागत होता, आणि तो कंपनीच्या शिक्क्याशिवाय मिळत नव्हता. माझा परवाना बंद म्हणजे त्या दोघींचा पुढच्या महिन्यात संपणारा परवाना वाढणार नव्हता. तो संपला की तिथं राहणं बेकायदा. आणि कंपनीनं कागद दिला नाही तर तिथून निघणंही अशक्य. राहता येत नाही आणि जाता येत नाही, अशी जागा जगात असू शकते हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. एजंटाच्या काचेच्या दारातून बाहेर पडताना मला ते दार फोडावंसं वाटलं. मी ते फोडलं नाही, याचं मला अजून कधीकधी वाईट वाटतं.

आपल्या सरकारच्या एका कचेरीतही जाऊन आलो, मुंबईला. तिथल्या बाईंनी माझा अर्ज घेतला, वाचला, आणि म्हणाल्या की हा मालक आणि कामगार यांच्यातला प्रश्न आहे, आम्ही तिकडच्या वकिलातीला कळवू. मी विचारलं, किती दिवसांनी उत्तर येईल? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. मी विचारलं, तोवर माझ्या कुटुंबानं काय करायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, खरंच कळवळून बघितलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग जे काही झालं ते माझ्या बायकोनं केलं. मी दांडिया बाजारातल्या एका आयएसडी बूथवर बसून ऐकत होतो, एवढंच.

आमच्या तिघांचेही पासपोर्ट कंपनी कपाटात ठेवायची. सुरक्षिततेसाठी, असं म्हणायचे. माझा प्रवासासाठी मला दिला होता, त्या दोघींचे कपाटातच होते. मला परत पाठवल्यानंतर दोन दिवसांनी कंपनीचा माणूस घरी आला. घर कंपनीचं आहे, महिनाअखेर रिकामं करा, म्हणाला. बायकोनं त्याला विचारलं, आमचे पासपोर्ट कुठं आहेत? तो म्हणाला, ते मिळतील, आधी या कागदावर सही करा. कागद अरबीत होता. ती म्हणाली, मला जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही.

मला ती हे फोनवर सांगत होती. मी म्हटलं, "अगं, सही करून टाकायचीस, निदान पासपोर्ट तरी..."

"अहो, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहिती आहे का?"

"नाही."

"मग कशी करू?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या अरबी शिकवणाऱ्या बाईंना घेऊन कंपनीत गेली. त्या बाई सुदानच्या होत्या, वयानं मोठ्या, उंच, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी तो कागद वाचला आणि तिला सांगितलं की यात असं लिहिलंय, माझं कंपनीकडून काही येणं नाही आणि माझा नवरा काम सोडून पळाला हे मला मान्य आहे.

माझी बायको मॅनेजरच्या खोलीत गेली. हाच तो, माझ्या खांद्यावर हात ठेवणारा. त्याच्या बायकोला आणि माझ्या बायकोला एकमेकींच्या घरच्या भाज्या माहीत होत्या. तिनं त्याला विचारलं, "तुम्हीच रजा दिलीत ना?"

तो म्हणाला, "वहिनी, हे वरून आलंय. मी काय करणार?"

"सही तुमची आहे, वरची नाही."

तो समोरचे कागद चाळायला लागला. ती म्हणाली, "मला दोन पासपोर्ट द्या. ते ना तुमचे आहेत ना वरच्यांचे. मी इथं बसते." आणि ती बसली. सुदानच्या बाई तिच्या शेजारी बसल्या, पर्समधून जपमाळ काढून शांतपणे मणी ओढत. ऑफिस सुटायची वेळ झाली तरी दोघी उठल्या नाहीत. शेवटी कुणीतरी कपाट उघडलं आणि दोन पासपोर्ट तिच्यासमोर टेबलावर टाकले. टाकले, दिले नाहीत. हे तिनं मला दोनदा सांगितलं.

मी रजेचा कागद आणि पासपोर्टवरचा शिक्का बूथवरून फॅक्स केला, शाळेच्या नंबरवर. ते दोन्ही घेऊन ती आणि त्या बाई तिथल्या मजूर कचेरीत गेल्या. पहिल्या दिवशी त्यांना आतच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी दारावरच्या माणसाला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांना एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यापुढे नेलं. त्यानं फाईल पाहिली आणि विचारलं, तुमचा नवरा कुठं आहे?

माझी बायको म्हणाली, "बडोद्याला."

"मग कंपनी बरोबर सांगते. तो कामावर नाही."

"ते कामावर रुजू व्हायला आले होते. तुमच्याच विमानतळावरून तुमच्याच माणसांनी त्यांना परत पाठवलं. ज्याला तुम्ही दारातून हाकललं तो पळाला, असं कसं म्हणता?"

सुदानच्या बाईंनी हे भाषांतर केलं. माझी बायको सांगते, त्यांनी जरा वाढवूनच सांगितलं असावं, कारण अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि फाईल पुन्हा पुढे ओढली. मग त्यानं माझ्या परतीच्या शिक्क्याची मुदत पाहिली. ती संपायला अजून वेळ होता. मी आलो होतो तो मुदतीच्या आतच. त्यानं फोन उचलला आणि कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

नोकरी परत मिळाली नाही. हे मी आधीच सांगतो, कारण लोक या ठिकाणी आनंदाचा शेवट शोधतात. फरार हा शेरा कंपनीला मागे घ्यावा लागला. मला रीतसर काढलं असं दाखवलं. दोघींना परीक्षा संपेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली आणि मग बाहेर पडण्याचा परवाना मिळाला. कंपनीला कसलीही शिक्षा झाली नाही. बाकीच्या चार-पाच जणांची बायका-मुलं तिथं नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी त्या कचेरीत जाणारंच कुणी नव्हतं. ते आजही तिथल्या नोंदीत पळून गेलेले आहेत. त्यातला एक सुरतेजवळचा होता. त्याला नंतर दुसऱ्या देशात चांगलं काम मिळत होतं, पण त्या शेऱ्यापायी गेलं.

कंपनीचं घर सोडून बायको-मुलगी त्या सुदानच्या बाईंच्या घरी राहिल्या. मुलीनं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास केला. ज्या घरात तिची खोली होती, भिंतीवर तिनं चिकटवलेली चित्रं होती, ते घर तिला रिकामं करावं लागलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फोनवर ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही काही केलं नव्हतं ना?"

तिला दादासारखी शंका नव्हती. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नाही गं." आणि बूथमध्ये बसून, बाहेर माणसं रांगेत उभी असताना, मला रडू आलं. त्या लोकांनी माझ्या मुलीला हा प्रश्न विचारायला लावला, हे मी त्यांना कधीही माफ केलेलं नाही. करणारही नाही.

त्या दोघी एप्रिलमध्ये आल्या. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, बडोद्यात अकरावीला गेली. पहिलं वर्ष तिला कठीण गेलं. वर्गात सगळे गुजराती बोलायचे आणि तिला घरातलं मराठी आणि शाळेतलं इंग्रजी, एवढंच येत होतं. मला वाघोडियाला पुन्हा काम मिळालं, मधल्या काळात तिथं नवे कारखाने आले होते. पगार कमी होता, पण संध्याकाळी घरी येत होतो.

तीन-चार वर्षांनी मी पेपरात जाहिरात पाहिली. त्याच कंपनीची. बडोद्यातल्या एका हॉटेलात मुलाखती होत्या, माझ्याच कामासाठी माणसं हवी होती. मी त्या दिवशी रजा टाकली. बायको म्हणाली, "जाऊन काय करणार आहात?" मला ते माहीत नव्हतं. पण घरी बसवत नव्हतं.

हॉटेलच्या लॉबीत बरीच माणसं फाईली घेऊन बसली होती. इस्त्रीचे शर्ट, नवे बूट. मी एकाच्या शेजारी बसलो आणि बोलायला लागलो. मी कुणाला जाऊ नका म्हटलं नाही. मी त्यांना सांगितलं की परवाना तुमचा नसतो, मालकाचा असतो, आणि तो काढून घेतला की घर, बँक, मुलांची शाळा, सगळं एकाच दिवशी जातं. पासपोर्ट मागतील, तर देऊ नका, द्यावाच लागला तर पावती घ्या आणि प्रत घरी ठेवा. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका. सुट्टीवर येताना रजेचा कागद स्वतःजवळ आणा, आणि दुसरी प्रत तिकडे अशा माणसाकडे ठेवा जो कंपनीत काम करत नाही. नोकरी गेली तर परवाना किती दिवस चालतो हे जायच्या आधी विचारा, गेल्यावर नाही. दुसरा मालक तुम्हाला घेऊ शकतो का, पहिल्याची परवानगी लागते का, हेही आधीच विचारा. आणि पळून गेला असं कुणी लिहिलं तर गप्प बसू नका, मजूर कचेरीत जा, त्याच दिवशी जा. लपून बसलात तर त्यांचं म्हणणं खरं होतं.

काहींनी ऐकलं. काही माझ्यापासून लांब जाऊन बसले. एक तरुण म्हणाला, "काका, तुम्ही तर जाऊन आलात, कमावून आलात. आता आम्हाला का घाबरवता?"

"घाबरवत नाही रे. जा तू. पण डोळे उघडे ठेवून जा."

"आधीच असं बोललो तर मला घेतील का ते?"

 त्याचं म्हणणं बरोबर होतं. जो प्रश्न विचारतो त्याला ते घेत नाहीत, आणि जो विचारत नाही त्याला फसवतात. माझा सगळा राग त्या एका वाक्यापुढे लंगडा पडला.

थोड्या वेळानं कंपनीचा माणूस बाहेर आला. ओळखीचा नव्हता, तरुण होता, गळ्यात टाय. त्यानं विचारलं, आपण उमेदवार आहात का? मी म्हटलं, मी तुमचा पळून गेलेला कामगार आहे. त्याला काही कळलं नाही. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, आणि त्यामुळे मला आणखी संताप आला. ज्यांनी केलं ते निवृत्त होऊन कुठंतरी सुखात असतील, आणि पुढचा आलाय तो कोऱ्या चेहऱ्यानं तेच करायला. त्यानं हॉटेलच्या लोकांना सांगितलं, आणि त्यांनी मला नम्रपणे बाहेर काढलं. मी समोरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, जाऊन उभा राहिलो. माणसं आत जाताना आणि बाहेर येताना दिसत होती. माझ्याशी बोलायला त्यातली दोघं-तिघंच आली. मी संध्याकाळपर्यंत थांबलो.

त्यातल्या एकाची निवड झाली. बाजव्याकडे राहणारा, नुकतंच लग्न झालेला. काही दिवसांनी तो बायकोला घेऊन आमच्या घरी आला. तिला पुढेमागे तिकडे न्यायचा त्याचा विचार होता. तो माझ्याशी पगाराबद्दल, ओव्हरटाइमबद्दल, तिकडच्या उन्हाबद्दल बोलत होता. त्याची बायको ऐकत होती. ती गुजराती होती, पण तिला मराठी समजत होतं. मध्येच तिनं माझ्या बायकोला विचारलं, "ताई, त्यांचं काही झालं तर मी तिकडे कोण?"

माझी बायको म्हणाली, "तेच आधी समजून घे. तू त्यांच्या परवान्यावर असशील. तो गेला की तुझाही गेला. म्हणून तुझा पासपोर्ट तुझ्याच पेटीत ठेव, कुणालाही देऊ नकोस, नवऱ्यालाही नाही. आणि गेल्या गेल्या एक तरी अशी ओळख कर जी तुझी असेल, त्यांच्या ऑफिसातली नाही. मला ती मिळाली होती म्हणून मी आज इथं बसलेय."

तो तरुण जरा अवघडला. त्याच्या बायकोनं मात्र मान हलवली आणि आणखी प्रश्न विचारायला लागली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बोलत बसल्या. मी बाहेर त्याला चहा दिला.

पुढे दोघंही तिकडे गेली. त्यांच्याशी संपर्क राहिला नाही. कंपनी अजून चालू आहे, आणि अधूनमधून तिची जाहिरात बडोद्याच्या पेपरात येते.